वर्गणी एका दिवसाची, हिशेब वीस वर्षांचा

अनंत चतुर्दशी झाली की इंदूरच्या मराठी वस्त्यांत, मग ते राजेंद्रनगर असो, रामबाग असो की लोकमान्यनगर, मंडळांची माणसं हिशेब मिटवायला बसतात. मांडव, लाइट, प्रसाद, बक्षिसं वजा जाता जे उरतं त्यातून एक रक्कम 'समाजकार्या'ला निघते. हल्ली त्या समाजकार्यात लहान मुलांच्या कॅन्सरचा नंबर बराच वर लागतो. कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आलेला असतो: केस गेलेलं पोर, नाकात नळी, खाली खातेक्रमांक. एकवीस नाहीतर एक्कावन्न हजारांचा चेक जातो आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याची एक ओळ छापली जाते.

देणाऱ्याच्या मनात खोट नसते आणि पैसे बहुतेक वेळा पोचतातही. आमची तक्रार निराळी आहे. या आजारात ज्या खर्चाने जीव वाचतो, आणि वाचलेला जीव पुढे धड जगतो, त्या खर्चाचा फोटो काढता येत नाही. म्हणून त्याला वर्गणी मिळत नाही.

लहान मुलांमध्ये सगळ्यांत जास्त दिसणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, त्यातही 'ए.एल.एल.' (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) म्हणतात तो. त्याचा उपचार अडीच ते तीन वर्षं चालतो. पहिले चार-पाच आठवडे जोरकस औषधं. मग काही महिने आलटून-पालटून इंजेक्शनं, काही पाठीच्या कण्यातून. आणि शेवटी दीड-दोन वर्षं घरी गोळ्या: मर्कॅप्टोप्युरीन रोज रात्री, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. फोटो असतो पहिल्या महिन्यातला. मोठं बिलही तेव्हाचंच, आणि २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण असल्यामुळे त्यातला बराच भाग निघून जातो. पण बरीच मुलं हातची जातात ती पुढच्या टप्प्यात. तोवर केस परत आलेले असतात, पोर शाळेत जाऊ लागलेलं असतं, घरच्यांना ते बरं झालेलं दिसतं आणि गोळ्या सुटतात. अमेरिकेतल्या अभ्यासांत असं आढळलं की या काळात ठरलेल्या गोळ्यांपैकी पंचाण्णव टक्क्यांपेक्षा कमी पोटात गेल्या, तर आजार उलटण्याचा धोका चांगलाच वाढतो. महिन्यात दोन रात्री चुकल्या की पंचाण्णवच्या खाली गेलंच.

आणखी एक चूक याच टप्प्यात होते, ती याहून भयंकर. या दोन्ही गोळ्या फिकट पिवळ्या. एक रोजची, एक आठवड्याची. घरात वाचता येणारं माणूस कामावर गेलं, आजीने डबा उघडला आणि आठवड्याची गोळी रोज दिली, तर पाच-सहा दिवसांत तोंडभर फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि पोर जीवावर बेतलेल्या अवस्थेत परत येतं. यावर उपाय आहे सात कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीचा. सोमवारच्या कप्प्यावर लाल टिकली, आठवड्याची गोळी फक्त तिथेच. डबी स्वस्त आहे. पण ती भरून कशी ठेवायची ते निमाडी किंवा भिलाली बोलीत समजावून सांगणारी आणि पुढच्या भेटीत उरलेल्या गोळ्या मोजणारी बाई पगारावर लागते. ती सहसा कुणाच्याच पगारपत्रकावर नसते.

म्हणजे देणगीचा खरा प्रश्न कशाला द्यायची आणि किती वर्षांसाठी द्यायची, हा आहे. किती द्यायची हे नंतर.

देणगीने या आजाराचं चित्र बदललं, हे मात्र शंभर टक्के खरं. १९४७च्या अखेरीस बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. ते औषध लेडरली कंपनीत ज्यांच्या देखरेखीखाली तयार झालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. सोळांपैकी दहा मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला. पुढच्याच वर्षी, २२ मे १९४८ला, अमेरिकन रेडिओवरच्या एका कार्यक्रमात 'जिमी' असं टोपणनाव दिलेल्या एका मुलाला बोलतं केलं गेलं आणि दोन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. तिथूनच जिमी फंड उभा राहिला. १९६२च्या फेब्रुवारीत मेम्फिसमध्ये सेंट ज्यूड रुग्णालय उघडलं, तेही लोकवर्गणीतून. तेव्हा ए.एल.एल.ची शंभरातली चार मुलं वाचत. रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी तिथे एकामागून एक उपचारक्रम तपासले आणि दशक संपेपर्यंत निम्मी मुलं वाचू लागली. आज पैसेवाल्या देशांत हा आकडा नव्वदच्या आसपास आहे.

या गोष्टीतला एक बारकावा बहुधा सुटतो. मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरीन, व्हिंक्रिस्टीन, प्रेडनिसोलोन, अ‍ॅस्परॅजिनेज ही ए.एल.एल.ची मुख्य औषधं १९७०च्या सुमाराला हाताशी होती. चाराचे पन्नास आणि पन्नासाचे नव्वद होताना फार मोठा वाटा नव्या औषधाचा नव्हता. तीच औषधं कुठल्या क्रमाने, किती मात्रेत, किती दिवस, कोणत्या मुलाला जास्त आणि कोणाला कमी, हे प्रत्येक मुलाची नोंद ठेवून पुढच्या मुलासाठी सुधारत नेलं गेलं. वही लागली आणि ती लिहिणारा माणूस लागला. दात्यांनी त्याचा पगार दहा-वीस वर्षं न कुरकुरता दिला.

असं संशोधन किती सावकाश चालतं याचा एक दाखला. सिस्प्लॅटिन हे यकृताच्या आणि इतर काही गाठींवरचं प्रभावी औषध. पण ते मुलांचे कान खराब करतं, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. सोडियम थायोसल्फेट नावाचं एक साधं, स्वस्त रसायन आहे. फोटो धुणारे जुने लोक त्याला 'हायपो' म्हणून ओळखतात. सिस्प्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी हे शिरेतून दिलं तर कान वाचतील का, हा प्रश्न. चाचणी यकृताची गाठ असलेल्या मुलांवर झाली, आणि ही गाठ इतकी विरळ, की शंभराच्या थोडी वर मुलं मिळवायला बारा देशांतली रुग्णालयं आणि २००७ ते २०१४ अशी सात वर्षं खर्ची पडली. त्यानंतरही थांबावं लागलं, कारण कानाची खात्रीशीर तपासणी मूल साडेतीन वर्षांचं झाल्याशिवाय होत नाही. निकाल छापून आला २०१८मध्ये: ज्यांना हायपो मिळालं नाही त्यांच्यात ऐकू कमी येणारी मुलं ६३ टक्के, मिळालं त्यांच्यात ३३. कॅन्सरपासून बचाव दोन्हीकडे सारखाच. या चाचणीचा पैसा मुख्यत्वे कॅन्सर रिसर्च यूके या देणग्यांवर चालणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा होता.  अकरा वर्षं धीर धरून बसणारा पैसा फक्त दात्याकडेच असतो.

आता हे इंदूरच्या अंगणात आणून पाहू. इथे झाबुआ, आलिराजपूर, बडवानी, धार, खरगोनपासून खंडवा-बुऱ्हाणपूरपर्यंतची मुलं येतात. काही शहरातच उपचार घेतात. इथल्या सरकारी एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात २०१८ पासून बोन मॅरो प्रत्यारोपणाचीही सोय झाली आहे. काही जण अवंतिका एक्सप्रेसने रात्रीत मुंबई गाठून परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाच्या दारात उभे राहतात. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या भिंतीआडची प्रयोगशाळा येते आणि ते आपल्या गावाचं काम नव्हे असं वाटून जातं. पण आपल्याकडच्या मुलांसाठी सगळ्यांत निकडीचे प्रश्न अगदी घरगुती आहेत.

एक प्रश्न अ‍ॅस्परॅजिनेजचा. जिवाणूंपासून तयार होणारं हे औषध ए.एल.एल.च्या उपचाराचा कणा आहे. बाजारात याचे कितीतरी ब्रँड आहेत, आणि भारतातल्या काहींची ताकद लेबलावर लिहिल्यापेक्षा कमी भरते असं तपासण्यांत निघालेलं आहे. त्यात हे औषध दोन ते आठ अंश तापमानात राहायला हवं. मे महिन्यातल्या दुपारी ते मेडिकल स्टोअरमधून वॉर्डापर्यंत साध्या पिशवीतून आलं तर उरलीसुरली ताकदही जाते. औषध चालतंय की नाही हे मुलाकडे बघून कळत नाही, रक्तात मोजावं लागतं. इंजेक्शननंतर ठरलेल्या दिवशी काढलेल्या नमुन्यात मिलिलिटरमागे किमान ०.१ युनिट क्रिया दिसायला हवी. त्याखाली गेली तर सुई टोचली, त्रास झाला, बिल आलं आणि उपचार झालाच नाही. दहा-बारा मुलांचे असे नमुने सलग तपासले तरी आपल्या रुग्णालयाने कुठला ब्रँड घ्यावा याचं उत्तर हाती यायला लागतं. याला नोबेल मिळणार नाही. पण एका मंडळाच्या उरलेल्या वर्गणीत हे बसतं.

दुसरा प्रश्न नमुना पोचवण्याचा. पहिल्या टप्प्यानंतर अस्थिमज्जेत दहा हजारांत एक तरी कॅन्सरपेशी उरली आहे का, हे फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे एकेक पेशी ओळखणाऱ्या यंत्राने, पाहतात आणि त्यावर पुढचा उपचार सौम्य ठेवायचा की कडक हे ठरतं. मज्जा ओढताना पहिला झटका, म्हणजे सुईत आलेली पहिली मज्जा, या तपासणीसाठी राखून ठेवायचा असतो. नंतरच्यात रक्त मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. गावात तपासणी नसेल तर नमुना चोवीस, फार तर अठ्ठेचाळीस तासांत दुसऱ्या शहरात पोचायला हवा, कारण पेशी मरतात. शनिवारी दुपारी काढलेला नमुना कुरियरच्या गोदामात सोमवारपर्यंत पडून राहिला की पुन्हा पोराच्या कमरेत सुई. तेव्हा मज्जा सोमवार ते बुधवारच काढायची आणि नमुना कुणाच्या हाती गेला ते लिहून ठेवायचं. कुणीतरी हा नियम पाळून घ्यावा लागतो, बस्स. पण ते 'कुणीतरी' म्हणजे पुन्हा एक पगार.

तिसरा प्रश्न सगळ्यांत मोठा: अर्ध्यावर सोडणारी मुलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त वाचतात, गरीब आणि मध्यम देशांत तीस टक्क्यांहूनही कमी. २०३० पर्यंत सगळीकडे किमान साठ टक्के करायचं असं २०१८मध्ये ठरलं. या दरीत औषधांचा तुटवडा आहे, उशिरा निदान आहे, कुपोषण आहे, आणि उपचार सोडून देणं आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात एकेकाळी पाचातलं एक मूल उपचार नाकारून किंवा सोडून जाई. राहणं, जेवण, समुपदेशन, शिधा, शाळा आणि पाठपुरावा ही सगळी व्यवस्था देणग्यांतून उभी केल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. एकही नवं औषध न शोधता इतकी मुलं वाचली, याला संशोधन म्हणायचं की सेवा, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मूल का गळतं ते जवळून पाहिल्याशिवाय पैसा कुठे लावायचा ते कळत नाही. आलिराजपूरकडचं कुटुंब पावसाळा सरला की मजुरीला गुजरातेत जातं. नोंदवलेला फोन नंबर बापाचा. त्याने सिम बदललं की धागा तुटला. म्हणून पहिल्याच दिवशी तीन नंबर घ्यायचे: आई-बापाचा, गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा आणि आशा कार्यकर्तीचा. तारीख चुकली की दुसऱ्याच दिवशी फोन. नियमाप्रमाणे सलग चार आठवडे उपचार चुकला की 'सोडला' असं धरतात, पण चौथ्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली तर फोन उचलणारंही कुणी उरत नाही. आणि होळीच्या आधीचा आठवडा, म्हणजे भगोरियाच्या हाटांचे दिवस, पाठपुराव्यासाठी सोन्यासारखे. जिथे असतील तिथून सगळे तेव्हा गावी परततात. हे शहाणपण कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत सापडायचं नाही.

प्रवासाचंही तसंच. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला पंचाहत्तर टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा ठरलेला फॉर्म लागतो. तरीही दात्यांचे पैसे पूर्ण भाड्याच्या तिकिटांवर जातात, कारण फॉर्म भरून देणारं माणूस खिडकीशी नसतं. आयुष्मान योजना भरतीच्या आधीचे तीन आणि नंतरचे पंधरा दिवस धरते. त्यापलीकडची खोली, जेवण आणि बुडालेली मजुरी धरत नाही. ताप आला की तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, असा या मुलांचा नियम. दीडशे किलोमीटरवरच्या फळ्यातून, म्हणजे आदिवासी वस्तीतून, ते कसं जमणार? पहिल्या दोन महिन्यांत कुटुंबाला रुग्णालयाजवळ खोली मिळणं हाच तिथे उपचार असतो.

आता वाचलेल्या मुलांकडे येऊ. आमच्या मते इथेच आपल्या दानशूरपणाचा सगळ्यांत मोठा आंधळा कोपरा आहे. शेवटची गोळी संपली, पेढे वाटले, फाइल कपाटात गेली. पण उपचाराचं देणं नंतर येतं. डॉक्सोरुबिसिनसारख्या लाल औषधाने हृदयाचे स्नायू अशक्त होतात आणि ते दहा-पंधरा वर्षांनी दिसू शकतं. शरीराच्या चौरस मीटरमागे एकूण अडीचशे मिलिग्रॅम किंवा जास्त पडलं असेल तर दर दोन वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), शंभर ते अडीचशेच्या मध्ये असेल तर दर पाच वर्षांनी. स्टेरॉइडने खुब्याचं हाड झिजतं, डोक्यावरच्या रेडिएशनने उंची आणि अभ्यासातला वेग मंदावतो, सायक्लोफॉस्फामाइडच्या मोठ्या मात्रेने मूल होण्यावर परिणाम होतो.

सहाव्या वर्षी उपचार झालेली एक मुलगी समजा. तेविसाव्या वर्षी लग्न होऊन ती देवासला गेली. लहानपणीचा आजार सासरी सांगितलेला नाही. आपल्याकडे स्थळ मोडण्याची भीती कुणाला चुकली आहे? गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो. दम लागला तर तो 'अशक्तपणा' ठरतो, कारण तिथल्या डॉक्टरीणबाईंना लाल औषधाचा पत्ताच नसतो. तिच्या पर्समध्ये एक कार्ड असतं तर पहिल्या तीन महिन्यांतच इको झाला असता. कार्डावर लिहायचं काय? आजाराचं नाव आणि तारीख, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप), शस्त्रक्रिया, रक्त दिलं होतं का, आणि पुढची कुठली तपासणी कोणत्या वर्षी. दोन्ही बाजू मिळून एक पान. पण एकूण मात्रा काढायला अडीच वर्षांची जाडजूड फाइल पानापानाने चाळून प्रत्येक डोसची बेरीज करावी लागते. एका मुलामागे दोन-तीन तासांचं काम. ते उपचार संपला त्याच आठवड्यात केलं तर होतं. पाच वर्षांनी फाइल सापडतेच असं नाही. सापडली तरी उंदरांच्या आधी पोचलो तर.

मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९१मध्येच उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली, म्हणजे ही कल्पना आपल्याला नवी नाही. अमेरिकेत वाचलेल्या मुलांचा मोठा पाठपुरावा १९९४च्या सुमारास सुरू झाला, आणि छातीवरचं रेडिएशन कमी करा, लाल औषधाची मात्रा आवरा या शहाणपणाला त्यातून बळ मिळालं. भारतातही बालकर्करोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय गटाने २०१६ पासून अनेक केंद्रांत अशी नोंदणी हाती घेतली आहे. म्हणजे वाचलेल्या मुलाची काळजी आणि नव्या मुलावरचं संशोधन या एकाच वहीच्या दोन बाजू. आज भोपाळच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोराचा इको, उद्या भरती होणाऱ्या पोराची मात्रा ठरवतो.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, हे सरकारचं काम आहे. आहेच. पण टाटा रुग्णालय १९४१मध्ये ट्रस्टच्या पैशावर उघडलं, १९५७मध्ये केंद्र सरकारकडे आणि १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. दात्याने करून दाखवायचं आणि सरकारने उचलायचं, हा क्रम चालतो. सरकार पलंगाचे पैसे देतं, फोन करणाऱ्या बाईचं पद ते अजून ओळखत नाही. ती बाई काय फरक पाडते हे आकड्यांत दाखवलं तरच पद निघेल.

दुसरा आक्षेप 'पगारात पैसे जायला नकोत, थेट मुलाला मिळायला हवेत' हा. मराठी माणसाच्या काटेकोरपणाचं आम्हाला कौतुक आहे, पण इथे तो चुकीच्या जागी लागतो. संस्थेला प्रशासकीय खर्चाची टक्केवारी विचारण्याआधी तीन आकडे विचारा: गेल्या वर्षी किती नवी मुलं नोंदवली, त्यांतल्या किती जणांनी उपचार सोडला, आणि तीन वर्षांपूर्वी उपचार संपवलेल्यांपैकी आज किती जणांचा पत्ता लागतो. उत्तर आलं नाही तर लगेच पाठ फिरवू नका. कदाचित हे आकडे ठेवणारा माणूसच तिथे नसेल, आणि तुमची देणगी नेमकी त्यालाच हवी असेल. आकडे असून दाखवले नाहीत, तर मात्र खुशाल पाठ फिरवा.

तिसरा आक्षेप, एवढा पैसा कंपन्यांनी द्यावा, हा. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्चायचे असतात. इंदूरजवळच्या पीथमपुरातल्या कारखान्यांकडे हा पैसा आहे. पण नियमात 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. ए.एल.एल.च्या एका मुलाचा उपचारच त्यात जेमतेम बसतो. म्हणून मार्चअखेरीला यंत्रं येतात, फीत कापली जाते आणि चौथ्या वर्षी यंत्राच्या देखभालीचा करार संपतो. कंपन्यांनी यंत्रं द्यावीत, इमारतीच्या खोल्या द्याव्यात, ते त्यांना जमतं. वीस वर्षं चालणारं काम लोकवर्गणीनेच पेलावं लागेल.

आणि ते पेलायची रीत या शहराला शिकवायला नको. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं बांधली, आणि पुढच्या नित्य खर्चासाठी नेमणुकाही लावून दिल्या. देवळात नंदादीपासाठी कायमठेव ठेवतात तीच ही कल्पना. पाच-सहा मंडळांनी मिळून दहा लाखांची कायमठेव केली आणि व्याज साडेसहा टक्के धरलं, तर वर्षाला पासष्ट हजार, महिन्याला पाच हजार चारशेच्या आसपास. अर्धवेळ फोन करणाऱ्या एका बाईचं मानधन यातून सुरू होतं. महागाईने ते खुजं होत जाईल, म्हणून दरवर्षीच्या वर्गणीतून मूळ रकमेत थोडी भर घालत राहावी. देणगीबरोबर सहीचं पत्र हवं. त्यात 'ही रक्कम कायमनिधीसाठी आहे, फक्त व्याज खर्चावं' हे स्पष्ट लिहिलेलं असावं. तोंडी सांगितलेला कायमनिधी पुढच्या अडचणीच्या वर्षी वेगळ्याच कामाला लागतो. दोन हजारांच्या वर रोख दिली तर करात सूट नाही, आणि नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना ती एरवीही नाही. तेव्हा सुटीच्या आशेवर गणित मांडू नये.

रक्तदानाचंही जाता जाता. गणेशोत्सवात एका दिवशी शंभर पिशव्या जमतात, छान वाटतं. पण या मुलांना लागतात प्लेटलेट्स, आणि त्या पाचच दिवस टिकतात. एकाच दात्याकडून यंत्राने प्लेटलेट्स घ्यायला तास-दीड तास लागतो. नियमाने दोन वेळांत किमान अठ्ठेचाळीस तास हवेत आणि वर्षाला चोवीस वेळांपर्यंत देता येतं. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन नको. एका मंडळाने चाळीस तरुणांची यादी करून, रक्तगटासकट, वर्षभराच्या पाळ्या लावल्या तर एप्रिल-मेच्या उन्हात, कॉलेजं बंद असताना, वॉर्डाला फोनाफोनी करावी लागणार नाही. त्या महिन्यांच्या पाळ्या नोकरदारांना द्याव्यात.

आणि तो फोटो. पोराच्या टकलाचा फोटो नावगावासकट एकदा फिरला की परत घेता येत नाही. बारा वर्षांनी नोकरी देणारा किंवा स्थळ बघणारा तो शोधून काढतो. निधी मागायचाच असेल तर वॉर्डाचा आकडा द्या, औषधाच्या बाटलीचा फोटो द्या, सात कप्प्यांच्या डबीचा द्या. मंडळाच्या अहवालातली ओळही बदलता येईल: 'एका बालकाच्या उपचारासाठी ₹ ५१,०००' या जागी 'पाठपुरावा निधी: वर्षात इतके फोन, इतकी मुलं परत आणली, इतकी कार्डं पूर्ण'. सभेत टाळ्या कदाचित कमी पडतील. खजिनदाराला मात्र पुढच्या वर्षी तुलना करायला काहीतरी हाती असेल.

काम सुरू करायला मुहूर्त शोधायचा तर तो गणपतीत नको. भगोरिया फाल्गुनात येतो. गावनिहाय यादी, तिन्ही नंबर आणि कुणाचा इको बाकी आहे त्याची खूण, हे सगळं माघातच तयार लागतं.